शेऱ्याचा रकाना

या अंकाचं काम पाहणारी माझी मावसबहीण पुण्याला असते. तिनं फोनवर सांगितलं, "दादा, तुझ्या नोकरीतले गमतीदार किस्से लिही. काशीतला मराठी माणूस सरकारी कचेरीत काय करतो, ते इथं कुणाला ठाऊक नाही." किस्से आहेत. पण लिहायला बसलो की एकच प्रसंग आडवा येतो, आणि तो गमतीदार नाही. दोन दिवस तो बाजूला सारून पाहिला. मग ठरवलं, तोच लिहायचा. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं आहे, त्यात हिंदी शब्द येतात. ते तसेच राहू द्यावेत, अशी तिला विनंती आहे.

आधी काम काय ते सांगतो. मी एका सरकारी कार्यालयात जाँच करणारा बाबू होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. जे घडलं ते माझ्या हातानं घडलं, इमारतीच्या नाही. कुणाला निवासाचा दाखला हवा असतो, कुणाला रेशनकार्डात नाव घालायचं असतं, कुणाला पेन्शन हवी असते. तो अर्ज करतो. मग हा माणूस खरोखर तिथं राहतो का, हे बघायला माझ्यासारखा एक जण त्याच्या दारात जातो. घर बघायचं, माणूस बघायचा, कागद बघायचे, शेजारच्या दोघांना विचारायचं आणि छापील फॉर्म भरायचा. फॉर्मच्या तळाशी दोन ओळींचा रिकामा रकाना असतो. महाराष्ट्रात त्याला शेरा म्हणतात, आमच्याकडे अभ्युक्ति. वरचे सगळे रकाने अर्जदाराचे, हा एक आमचा. साहेब लोक वरचं काही वाचत नाहीत, त्यांची नजर सरळ तळाशी जाते. बावीस वर्षं माझ्या हातात जी काही सत्ता होती, ती त्या दोन ओळींएवढी होती.

त्यातली एक ओळ तर ठरलेली असायची : "मौके पर जाकर पड़ोसियों से पूछताछ की गई।" पेनाचं टोपण निघायच्या आत ती ओळ हातातून उतरायची. आमच्या एका सहकाऱ्यानं तिचा रबरी शिक्काच करून घेतला होता. त्यावरून आम्ही त्याची चेष्टा करायचो. तो म्हणायचा, "भाई, झूठ हाथ से लिखो या ठप्पे से, थकान में फर्क पड़ता है।"

मला शिक्क्याची गरज नव्हती, मला कान होता. आमचं घराणं सात पिढ्यांपूर्वी काशीत आलं. पूर्वज वेद शिकवायला आले आणि राहिले. आमचं घर दूधविनायकाच्या गल्लीत. मागच्या बाजूला नेपाळी, पुढं घाटाकडे बंगाली, त्याच्याही पुढं तमिळ आणि तेलुगू. लहानपणी आमचा खेळच होता, गल्लीतून जाणारा माणूस कुठला ते बोलण्यावरून ओळखायचं. नोकरीत त्याचं नाव झालं. चहाच्या टपरीवर कुणी नवा माणूस आला की दुबेजी, म्हणजे आमचे बडे बाबू, मला हाक मारायचे, "मराठी बाबू, बताइए, ये भाईसाहब कहाँ के हैं?" मी दोन वाक्यं ऐकून सांगायचो, "देवरिया." तो माणूस थक्क व्हायचा आणि मला पान मिळायचं. सात पिढ्या या शहरात राहूनही मी 'मराठी बाबू'च होतो, हे मात्र मला कधी खटकलं नाही. ते लाडाचं नाव होतं.

एक किस्सा बहिणीसाठी लिहितोच. केदार घाटाजवळ तिसऱ्या मजल्यावर एक तेलुगू अम्मा राहायची. काशीत मरण यावं म्हणून आली आणि मरण येईना. अकरा वर्षं झाली, तेव्हा तिला रेशनकार्ड हवं झालं. मी गेलो. तिच्याजवळ कागद म्हणून फक्त एक जुनं पोस्टकार्ड होतं. तिला हिंदी येत नव्हतं, मला तेलुगू. खालची फुलवाली दुभाषी झाली. "अम्मा कहती हैं, हम तो मरने आए हैं, पता किसलिए?" अम्मानं मला ताक दिलं. मी कुणालाही काही न विचारता शिफारस लिहिली : "काशीवास हेतु निवासरत। संस्तुति।" कार्ड झालं. पुढं दरवर्षी हयातीच्या तपासणीला गेलो की ती दार उघडून ओशाळल्यासारखी हसायची आणि तिला येणारं एकुलतं एक हिंदी वाक्य म्हणायची, "अभी नहीं, बाबू." माझ्या चांगल्या कामांत मी ते काम धरत आलो. चांगलंच होतं ते. पण तिच्याजवळ कागद नव्हता, तिची बोली मला कळत नव्हती आणि तरी मी तिला आपली मानलं, हे त्या वेळी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता तो प्रसंग.

एका जेठात, ऐन उन्हाळ्यात, वरून आदेश आला. शहराच्या कडेच्या वस्त्यांमधल्या 'संदिग्ध बाहरी' लोकांची जाँच करायची, अहवाल चार दिवसांत. साहेबांनी मीटिंगमध्ये आदेश वाचून दाखवला, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "जो समझ में न आए, उसे संदिग्ध लिखिए। आगे वाले देख लेंगे।" याच साहेबांचं सव्वीस जानेवारीचं भाषण मी लिहून दिलं होतं. त्यात वाक्य होतं, काशी में पूरा भारत बसता है. त्याला टाळ्या पडल्या होत्या.

माझ्या वाट्याला गंगेपलीकडे रामनगरच्या पुढची एक वस्ती आली. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या तीसेक झोपड्या, सगळी भंगार वेचणारी माणसं. चौथ्या दिवशी भर दुपारी मी तिथं पोचलो. लूच्या झळा लागत होत्या. भंगाराच्या ढिगाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मी स्कूटरवर बसूनच होतो. एक पाय जमिनीवर, तोंडाला गमछा. तिथूनच हाक मारली. एकेक जण यायचा, आधारकार्ड दाखवायचा, दोन वाक्यं बोलायचा, मी फॉर्म भरायचो.

मोमिना बीबी सहावी की सातवी आली. तिशीतली बाई, हाताला बाटल्यांची धूळ. नवरा मफिजुल कामावर गेला होता. त्याचं आधारकार्ड आणि मतदार ओळखपत्र तिनं पिशवीतून काढून दाखवलं. पत्ता मुर्शिदाबाद जिल्ह्यातला होता.

"कब से हो यहाँ?"

"छह साल, बाबू। उधर घर पानी में चला गया।"

मी पुढं काही विचारलं नाही. तिचा सूर ऐकला. आमच्या घाटावरच्या बंगाल्यांसारखा तो नव्हता. त्यात वेगळाच हेल होता, आणि माझ्या कानानं सवयीनं निकाल दिला. मी अभ्युक्तीत लिहिलं : "बोली-भाषा से सीमा पार की प्रतीत होती है। मौके पर पड़ोसियों से पूछताछ की गई।" त्या वस्तीतल्या तेरा घरांसाठी मी हेच लिहिलं. तासाभरात पूल ओलांडून परत आलो आणि लस्सी प्यायलो.

पंधरा दिवसांनी मोमिना आमच्या कार्यालयाच्या जिन्यावर बसलेली दिसली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं.

"बाबू, आप आया था। लाल गाड़ी पे।"

घराचा फॉर्म मफिजुलच्या नावावर होता, म्हणून त्याला चौकशीसाठी नेऊन दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात ठेवलं होतं. त्याच्या गावाकडे विचारणा गेली, तेव्हा उत्तर आलं की असं गाव नाही. दीड महिन्यानं सुनावणी होती. सुनावणीत तो इथला ठरला नाही, तर त्याला सीमेवर नेणार होते. तिकडून परत येता येत नाही, एवढं तिला कळलं होतं. तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. "हम पढ़ना नहीं जानता। आप क्या लिखा था, एक बार पढ़ के सुना दीजिए।"

मी सांगितलं, फाइल वर गेली आहे. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच पायरीवर होती. बरोबर आठेक वर्षांची मुलगी, शिरीन, बाटल्यांची झाकणं रंगांप्रमाणे लावत बसली होती आणि बंगालीत मोजत होती. मी आत गेलो, कार्यालयाची प्रत काढली आणि जिन्यात उभं राहून माझेच शब्द तिला वाचून दाखवले.

पहिलं वाक्य तिनं मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या वाक्यावर ती उठून उभी राहिली.

"पड़ोसी? कौन पड़ोसी बोला?"

मी प्रत मिटली.

"लल्लन सरदार बोला? उसका गोबर हम उठाता है, बाबू। उसका बहू का बच्चा हुआ तो हम रात-रात बैठा। वो ऐसा बोला?"

मी म्हणू शकलो असतो की कुणी काही बोललं नाही, मी विचारलंच नव्हतं. म्हणालो एवढंच, "ये सब गोपनीय होता है." ती मुलीचा हात धरून जिना उतरून गेली. झाकणं तिथंच राहिली.

माझ्या कबुलीतला सगळ्यात वाईट भाग हाच आहे. शेरा लिहिला तेव्हा मी आळशी होतो, उद्धट होतो. जिन्यात मात्र मी सगळं समजून खोटं बोललो, आणि ते खोटं एका निरपराध शेजाऱ्याच्या माथी मारून मोकळा झालो.

पुढच्याच आठवड्यात आमच्या स्वतःच्या गल्लीत घरोघरी जाँच झाली. सगळ्यांनाच फॉर्म भरायचे होते. आमच्याकडे आमचेच श्रीवास्तव आले, शिक्केवाले. आईच्या जन्माचा कागद सापडत नव्हता. ती ग्वाल्हेरला जन्मली की झाशीला, यावर तिचं स्वतःशीच एकमत नाही. वडिलांचा शाळेचा दाखला वाळवीनं खाल्लेला. मी कपाट उपसत होतो.

"अरे छोड़िए मराठी बाबू, बैठिए," श्रीवास्तव म्हणाले. सुमननं, माझ्या बायकोनं, त्यांना पोहे दिले. आई आतून मराठीत ओरडली, "त्यांना लिंबू दे गं." श्रीवास्तवांनी एका हातानं पोहे खात दुसऱ्या हातानं अभ्युक्ति भरली. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं : "परिचित। पीढ़ियों से निवासी।"

ते गेले. सुमन म्हणाली, "चला, झालं एकदाचं. तुम्ही असे का बसलात?"

"आपल्याकडे त्यांना हवा असलेला एकही कागद नव्हता," मी म्हणालो.

"मग? त्यांना माहिती आहे ना आपण कोण ते."

"तेच."

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ ताटलीतले पोहे चिवडत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्या सरदाराला जाऊन सांगा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुलापलीकडे गेलो. लल्लन सरदार म्हणजे वस्तीला लागून गोठा असलेला यादव दूधवाला. बनारसमध्ये यादवांना सरदार म्हणतात. सत्तरीचा माणूस म्हशीला अंघोळ घालत होता. मी स्कूटर लांब लावली आणि चालत गेलो. कोण ते सांगितलं, काय लिहिलं ते सांगितलं. त्यानं पाण्याचा पाइप बंद केला.

"अच्छा, तब्बे," तरीच, अशा सुरात तो म्हणाला. "आठ-दस दिन से मोमिना हमसे बोल नहीं रही। हम सोचे कौन बात हो गई।" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "अरे बाबू, पूछते तब न बताते। आप तो गाड़ी से उतरे ही नहीं।"

"अब पूछ रहा हूँ, सरदार."

तो खाटेवर बसला आणि बोलत राहिला. सहा वर्षांपूर्वी ही माणसं कशी आली, मफिजुल आधी त्याच्याच गोठ्यात कामाला होता, मतदानाला दर वेळी मुर्शिदाबादला जायचा, परत येताना आंबे आणायचा. मी लिहीत गेलो. बावीस वर्षांतली माझी ती पहिलीच नीट केलेली जाँच असावी. ऐकता ऐकता मोमिना आपल्या झोपडीच्या दाराशी येऊन उभी राहिली. सरदार तिला म्हणाला, "सुन ले मोमिना, हम कुछ नहीं बोले थे। यही बाबू झूठ लिखे थे।" ती आत गेली आणि सरदारासाठी चहा घेऊन आली. माझ्यासाठी आणला नाही.

कार्यालयात दुबेजींना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं. "सुधार आवेदन दे दीजिए। लिखिए, लिपिकीय त्रुटि। सब बच जाएँगे।"

हा आमचा जुना रस्ता आहे. जे काही चुकलं, त्याला लिपिकाच्या हातून झालेली लेखनाची चूक म्हणायचं. मी विचारलं, मग सुनावणीचं काय? ते म्हणाले, दुरुस्ती वर जाईल, फेरतपासणी होईल, पाच-सहा महिने लागतील.

"तोपर्यंत त्या माणसाला सीमेवर नेतील."

"वह आपके हाथ में नहीं है।"

"जाँच झालीच नाही, असं लिहिलं तर शेरा रद्द होईल ना?"

दुबेजींनी चष्मा काढला. "तब पूछा जाएगा कि बाकी की भी हुई थी या नहीं। आपकी, श्रीवास्तव की, सबकी। अकेले नहीं डूबेंगे आप। बिटिया की शादी करनी है कि नहीं?"

मी घाबरलो, हे कबूल करतो. सात वर्षांची नोकरी उरली होती, पदोन्नतीच्या यादीत नाव होतं. पण श्रीवास्तवांचं ते 'परिचित' डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी रजेचा अर्ज दिला आणि मुर्शिदाबादला गेलो.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावच नाही. स्टेशनपासून दोन बस आणि एक टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, करून मी बांधावर पोचलो. टोटोवाल्यानं हात लांबवून पाणी दाखवलं आणि म्हणाला, ते तिथं मशीद होती, ते तिथं शाळा. समोर नुसता प्रवाह होता. आमच्या घाटावरून जे पाणी जातं, तेच खाली इथं येऊन दरवर्षी थोडी थोडी जमीन नेतं. आम्ही सकाळ-संध्याकाळ ज्या पाण्याला नमस्कार करतो, त्यानंच मफिजुलचा पत्ता खाल्ला होता. चौकशीला आलेलं उत्तर खरं होतं. कुणी बांधापर्यंत येऊन पाहिलं नव्हतं, एवढंच.

बांधावर पत्र्याच्या खोल्या होत्या. मी एकाला मफिजुलचं नाव विचारलं, दुसऱ्याला विचारलं. कुणी ओळख देईना. माझ्या मागं माणसं जमत गेली आणि गप्प होत गेली. अनोळखी हिंदी बोलणारा, हातात फाइल. माझा सूर ऐकून ते ठरवत होते मी कोण आहे ते. शेवटी एकानं मला शाळेच्या हेडमास्तरांकडे नेलं. शाळा दोनदा हलून आता एका गोदामात भरत होती. हेडमास्तर बारीक अंगाचे, थकलेले, हिंदी चांगलं बोलणारे.

"पहले आप अपना कागज़ दिखाइए," ते म्हणाले.

मी आधारकार्ड दिलं. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. "वाराणसी। नाम तो मराठी लगता है। असल में कहाँ के हैं?"

आयुष्यभर मी लोकांना विचारलेला प्रश्न. मी म्हणालो, "वाराणसी का ही हूँ." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर मी लगेच ओळखली. ती माझीच होती. मग मी त्यांना कशासाठी आलो ते सांगितलं, काहीही न लपवता. ऐकून झाल्यावर ते उठले. कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक होती. शाळा पाण्यात जाताना त्यांनी बाकं सोडली होती, फळे सोडले होते, हजेरीपट आणि दाखल-खारीजची, म्हणजे मुलांची नावं घातल्या-काढल्याची, रजिस्टरं मात्र डोक्यावरून आणली होती. पानं पाण्यानं फुगलेली. तासाभरानं त्यांनी बोट ठेवलं : मफिजुल, बापाचं नाव, आजाचं नाव, गाव, इयत्ता दुसरी. त्यांनी प्रमाणित प्रत करून दिली आणि म्हणाले, "इसके बाप को भी मैंने इसी रजिस्टर में देखा है। पूछने वाला कोई नहीं आता था।"

परत येऊन मी निवेदन लिहिलं. लिपिकीय त्रुटि हे शब्द वापरले नाहीत. लिहिलं की त्या दिवशी मी जाँच केली नाही, शेजाऱ्यांना विचारलं नाही, तेरा अहवालांमधला शेरा निराधार आहे. सही केली, आवक क्रमांक घेतला. दुबेजींनी कागद घेतला आणि त्या दिवसापासून मला मराठी बाबू म्हणणं सोडलं. आता ते मला आडनावानं हाक मारतात.

सुनावणीला मी गेलो. लल्लन सरदार धोतर-कुडता इस्त्री करून आला होता. मोमिनानं दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली होती. समोरचे अधिकारी तरुण होते, त्यांनी माझं निवेदन दोनदा वाचलं.

"आपने लिखा था, सीमा पार की प्रतीत होती है। किस आधार पर?"

"कान के आधार पर, सर."

"मतलब?"

"दोन वाक्यं ऐकली, त्यावरून," मी हिंदीत सांगितलं. "मला वाटत होतं की मला ओळखता येतं."

"और पड़ोसियों से पूछताछ?"

"नहीं की थी."

"पर लिखा है।"

"जी. हमेशा लिखता था."

खोलीत कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी रजिस्टरची प्रत घेतली, सरदाराचा जबाब घेतला. बारा दिवसांनी मफिजुल सुटला.

इथं किस्सा गोड करता आला असता. तसं काही झालं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा मफिजुल खाटेवर बसला होता, वाळलेला. मी हात जोडले. तो उठला, खाट उचलली आणि झोपडीच्या मागच्या बाजूला नेऊन टाकली. मोमिना म्हणाली, "वो अभी किसी से नहीं बोलता।" शिरीन दाराशी झाकणं लावत होती. एक, दो, तीन, चार. मी विचारलं, बंगालीत मोजायचीस ना? तिनं आईकडे पाहिलं. मोमिना म्हणाली, "बाहर बांग्ला बोलने को हम मना किया है।" माझी मुलगी घरात मराठीला हिंदीत उत्तर देते, त्यावरून मी तिच्याशी कितीदा भांडलो आहे. तिला निदान कुणी भीती घातलेली नाही.

तेरा घरांपैकी आठ घरं तोवर उठून गेली होती. कुठं, कुणाला माहीत नाही. त्यांची नावं माझ्याजवळ आहेत. त्यांच्यावरचा शेरा रद्द झाल्याचा कागद मी प्रत्येकाच्या मूळ पत्त्यावर पाठवला. दोन पोचले, सहा परत आले. परत आलेले पुन्हा पाठवतो आहे, जिथं जिथं भंगाराच्या वस्त्या आहेत तिथं जाऊन विचारतो आहे. रविवारी हेच करतो. सुमन डबा देते, काही विचारत नाही.

माझ्यावर विभागीय चौकशी चालू आहे. जाँचेचं काम काढून घेतलं, आता मी आवक-जावक बघतो. पदोन्नती गेली. श्रीवास्तव माझ्या बाजूनं जात नाहीत. त्यांचेही अहवाल पुन्हा तपासले गेले. मित्र म्हणतात, वकील कर, चौकशी बंद होईल. मी केला नाही. ती पूर्ण व्हावी, लेखी व्हावी, आणि पुढच्या बाबूला ट्रेनिंगमध्ये वाचायला मिळावी, असं मी साहेबांना लिहून दिलं आहे. त्यावर अजून कुणी शेरा मारलेला नाही.

मागच्या महिन्यात मोमिना कार्यालयात आली. त्या जिन्यावर बसली नाही, सरळ माझ्या टेबलाशी आली. मफिजुलच्या नावानं निवासाचा नवा अर्ज करायचा होता. त्याला दोन स्थानिक साक्षीदार लागतात, अर्जदाराला ओळखणारे. एक लल्लन सरदार. त्यानं अंगठ्याऐवजी हट्टानं सही केली होती, अर्ध्या पानभर.

"दूसरा आप कर दीजिए," ती म्हणाली.

"मफिजुलला चालेल?"

"वही बोला। बोला, बाबू से कराओ, अबकी बार उसका नाम भी नीचे रहे।"

मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, दूधविनायक. 'कब से परिचित हैं' या रकान्यात लिहिलं, एक वर्ष. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना होता, 'परिचय का आधार'. तिथं बहुतेक लोक लिहितात, पड़ोसी, किंवा मित्र, किंवा नुसतं जान-पहचान. मोमिना टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी होती. मी पेन टेकवलं आणि लिहिताना तिला मोठ्यानं वाचून दाखवलं :

"मैंने इनके बारे में झूठी रिपोर्ट लिखी थी।"

तिनं ओळीखालच्या कोऱ्या जागेकडे पाहून विचारलं, "इतना ही?"

मी म्हणालो, "इतना ही." आणि खाली सही केली.